मळकं कापड दाखवा

“इतिहास आज आपल्याकडे बघतो आहे,” लाँड्रीचे मालक साबणाच्या रिकाम्या पिंपावर उभे राहून म्हणाले.

इतिहासाचं नक्की सांगता येत नाही, पण समोर उभी असलेली माणसं मात्र मालकांच्या शर्टाकडे बघत होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये एक डाग होता. चहाचा, दुधाच्या चहाचा, कालचा, आणि ओल्या रुमालाने चोळून चोळून मोठा केलेला. असा डाग टिपायचा असतो, चोळायचा नसतो, हे तिथे झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. मालकांना ठाऊक नव्हतं याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. लाँड्री त्यांच्या वडिलांनी काढली होती, आणि वडिलांनी त्यांना कपडे धुण्यापासून फार जपलं होतं.

“देशाच्या अर्थव्यवस्थेचं चाक फिरतं ठेवण्याची जबाबदारी तुमच्या आमच्या खांद्यावर आली आहे,” मालक म्हणाले. तेवढ्यात पिंप कुरकुरलं. ते सांभाळून खाली उतरले आणि जमिनीवर पाय टेकल्याबरोबर भाषण बरंच व्यवहारी झालं.

झालं होतं ते असं. मंदी आली ती आधी गावातल्या हॉटेलांत उतरली आणि बिल न देता राहिली. खोल्या रिकाम्या पडल्या, मग एकेक हॉटेलच बंद झालं. लाँड्रीला काम होतं ते हॉटेलांचंच. शेवटच्या खेपेला आलेल्या चादरी धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून तयार होत्या, पण न्यायला कुणी येईना. पांढऱ्याशुभ्र चादरींचे छतापर्यंत थर लागले होते, कोपऱ्यात ज्या त्या हॉटेलचं नाव भरलेलं, आणि खालून त्यांना धुणारी माणसं त्यांच्याकडे बघत बसलेली. दोन्हीकडे सारखीच बेकारी.

अशा वेळी सरकारने ‘चालू उद्योग आधार योजना’ जाहीर केली. यातला ‘चालू’ हा शब्द महत्त्वाचा. जो धंदा बुडाला त्याला आधार नाही, कारण त्याला देऊन उपयोग काय. जो नीट चालला आहे त्यालाही नाही, कारण त्याला गरज काय. जो बुडतो आहे पण अजून हातपाय मारतो आहे, दोरी फक्त त्याच्यासाठी. मिळाली तर सगळ्या कामगारांचा पगार सरकार देणार. मात्र धंदा चालू आहे की नाही ते बघायला तपासनीस येणार. आणि लाँड्री चालू असल्याची खूण सरकारने ठरवली होती ती एकच: धुवायला आलेलं मळकं कापड.

“आणि आपल्याकडे तर एक धागा मळका नाही,” मालक म्हणाले. हे वाक्य त्यांनी एरवी अभिमानाने म्हटलं असतं.

त्यांचा उपाय सरळ होता. थरातल्या चादरी प्रत्येकाने घरी न्यायच्या, त्यांच्यावर झोपायचं आणि तपासणीच्या दिवशी मळवून परत आणायच्या.

“म्हणजे झोपण्याचा पगार,” मशीनवाला म्हणाला.

“तुम्हाला त्यात नवीन काय,” घड्यांच्या टेबलावरची भावजय म्हणाली. तिची नणंद हसली. या दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरीची टोकं धरत, आणि घरी एकमेकींशी जे बोलत नसत ते सगळं टेबलावर इतरांना ऐकवत.

सगळ्यांनी आपापलं गाठोडं उचललं. सगळ्यात मागे डागदर होता.

त्याचं खरं नाव पगाराच्या यादीखेरीज कुठे वापरात नव्हतं. मागच्या खिडकीशी त्याचं टेबल होतं आणि टेबलावर बाटल्या. मशीनला जे डाग जात नसत ते त्याच्याकडे येत. तो आधी वास घेई, मग कापड उजेडात धरी, मग नख फिरवी. शाई, दारू, लिपस्टिक, गंज, रक्त. हॉटेलच्या चादरींवरून माणसांविषयी जे जे कळू शकतं ते सगळं त्याला कळलेलं होतं, आणि तरीही त्याचं माणसांविषयी वाईट मत नव्हतं. त्याची तक्रार एवढीच, की लगेच भिजवायला हवं होतं.

त्याची बायको याच लाँड्रीत रोलर इस्त्रीवर होती. लग्नाआधी तिने एक चादर त्याच्याकडे परत पाठवली, कोपऱ्यात अंधुकसा डाग राहिला म्हणून. त्याने काढला. तिने पुन्हा पाठवली. तिसऱ्यांदा तो स्वतः चादर घेऊन भांडायला गेला आणि लग्न ठरवून आला. डाग होता की नव्हता याचा निकाल पुढे कधी लागला नाही. घरी चादर रोज बदललेली आणि अशी ताणून बसवलेली असे, की झोपायला जाताना डागदराला आपण कुणाच्या तरी कामावर बसतो आहोत असं वाटे.

मग तिचे पाय गेले. आधी काठी आली, मग भिंत, मग पलंग. आता कमरेखालचं अंग तिचं राहिलं नव्हतं, आणि पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं: कुशीवर वळवत जा, अंगाखालचं कोरडं ठेवा, स्वच्छ ठेवा, इंजेक्शन आणि मलम चुकवू नका. जखम आत गेली तर मग माझ्याकडे येऊ नका, असंही त्यांनी म्हटलं होतं, पण ते हळू आवाजात, दाराबाहेर.

इंजेक्शन पगारातून येत होतं. पगार आता योजनेतून येणार होता. आणि योजना डागदराच्या काखेतल्या गाठोड्यातून.

पहिल्या तपासणीच्या सकाळी गाठोडी सुटली आणि मालकांना धरून बसवावं लागलं. एकूण एक चादर स्वच्छ होती. स्वच्छ, इस्त्री केलेली आणि चौपदरी घडीची.

“झोपलो होतो मालक, खरंच झोपलो होतो,” मशीनवाला म्हणाला. “पण सकाळी हात आपोआपच बादलीकडे गेले.”

भावजयीची चादर सासूबाईंनी धुतली होती. मळकी चादर काखेत मारून घराबाहेर पडलीस तर चार लोक माझ्या घराला काय म्हणतील, असा त्यांचा सवाल होता. सासू ही नणंदेची आई, त्यामुळे या मुद्द्यावर टेबलाच्या दोन्ही बाजूंना प्रथमच एकमत होतं. झाडूवाल्याने तर चादरीला निळीचा हात दिला होता, फुकट.

सगळ्यांत पांढरी होती डागदराची. त्याच्या बायकोने पलंगाशेजारी बादली ठेवून घेतली होती आणि पडल्या पडल्या, एका कुशीवर, दोन्ही हातांनी चादर चोळली होती. त्याने समजावून सांगितलं होतं की त्यांना मळकीच हवी आहे. ते त्यांचं झालं, ती म्हणाली होती, वापरलेली वस्तू परत द्यायची तर धुऊन द्यायची. इस्त्री त्याने केली, तिच्या देखरेखीखाली, दोनदा.

तपासनीस वेळेवर आला. सभ्य माणूस. पाय पुसून आत आला, हात जोडले, पाणी नको म्हणाला.

“मळकं कापड दाखवा,” तो म्हणाला.

मालकांनी त्याला मशीन दाखवलं, ड्रायर दाखवला, वडिलांचा फोटो दाखवला. शेवटी चादरी दाखवाव्या लागल्या. तपासनिसाने वरची चादर बोटाने उचलून पाहिली.

“चादरी छान आहेत. पण स्वच्छ चादरी दुकानातही असतात. त्याला मी लाँड्री म्हणू का?”

त्याचा स्वर इतका समजूतदार होता, की मालकांनी मान हलवली. पुढच्या फेरीपर्यंत मुदत देऊन तो गेला. जाताना त्याने पाय पुन्हा पुसले.

आता घरोघरी चादरी देण्यात अर्थ नव्हता. मालकांनी हुकूम काढला, चादरी इथेच मळवायच्या, माझ्या डोळ्यांदेखत. आणि मग असं दृश्य दिसलं जे त्या इमारतीने कधी पाहिलं नव्हतं. डाग काढण्यात आयुष्य गेलेली माणसं डाग पाडायला बसली. त्यांना ते येईना. नणंद चहाचा कप कलता करी आणि थेंब पडण्याआधी तिचा दुसरा हात फडकं घेऊन खाली येई. झाडूवाल्याने चादर अंगणात लोळवली आणि झटकून आणली. शेवटी कसेबसे डाग पडले, पण सगळे गोल, सगळे बशीएवढे आणि सगळे चादरीच्या बरोबर मधोमध. त्यावर नणंद-भावजयींनी टोकाला टोक जुळवून घड्या घातल्या.

डागदराने या कामात हात घातला नाही. गाठोड्यातली एक चादर त्याच्या घरी आधीच राहिली होती.

त्या आठवड्यात बायकोला ताप भरला. दोन दिवस तिला हात उचलवला नाही. जखम वाहिली. त्याने पुसलं, मलम लावलं, अंगाखालची हॉटेलची चादर काढून दुसरी घातली. काढलेली चादर घरच्या बादलीत भिजवायची की नाही, याचा विचार करत तो बराच वेळ उभा राहिला. भिजवली नाही. घडी घातली, डाग आत राहतील अशी, आणि लाँड्रीत नेऊन ढिगाच्या अगदी तळाशी सरकवली.

दुसऱ्या फेरीला तपासनिसाने एकेक चादर उलगडली. “हे डाग कुणी मोजून पाडलेत का?” त्याने विचारलं. तो उलगडत गेला आणि मालक खचत गेले, आणि मग तो तळाशी पोचला.

त्याने चादर उघडली आणि दुसऱ्या हाताने रुमाल नाकाला लावला. रुमालाच्या वर त्याचे डोळे प्रथमच आनंदी दिसले.

“हे,” तो म्हणाला. “याला म्हणतात कापड.”

चादरीवर पिवळं होतं, तपकिरी होतं, मलमाची तेलकट कड होती आणि मधे मधे लाल. डागदराने जन्मभर जे केलं ते या वेळी त्याच्याने झालं नाही. ती चादर त्याला उजेडात धरवेना. तपासनिसाने मात्र धरली, अगदी खिडकीपाशी नेऊन, डागदराच्याच टेबलावर.

अजून एक फेरी होईल, तपासनीस म्हणाला, ती शेवटची. सगळंच कापड असं असावं अशी अपेक्षा नाही, पण वर असं काही दिसलं तर खालच्यावर विश्वास बसतो. एवढं सूचक बोलून तो गेला. सरकारी माणूस याहून जास्त दयाळू होऊ शकत नाही.

चादर कुणाच्या घरची हे विचारायची गरज नव्हती. मालकांनी डागदराच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर ठेवला नव्हता.

“वहिनींच्या अंगाखाली आता आपलीच चादर ठेवायची,” ते म्हणाले. “एकच. तपासणीपर्यंत बदलायची नाही.”

डागदर म्हणाला, पाठीला जखमा आहेत तिच्या. डॉक्टरांनी कोरडं ठेवायला सांगितलंय.

“मला काय हौस आहे का? मी काय राक्षस आहे?” मालकांनी इतरांकडे हात केला. “यांना विचार. यांच्या घरातल्या चुलींना विचार.”

डागदराने त्यांच्याकडे पाहिलं. मशीनवाला मशीनचं झाकण पुसू लागला. नणंदेने घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. भावजयीला जगातल्या कुठल्याही गोष्टीवर बोलता येई, ती खाली बघून म्हणाली, “थोडेच दिवस आहेत हो, भावजी. आम्ही का परके आहोत?”

त्या दिवसापासून लाँड्रीत डागदराच्या बायकोची चौकशी फार होऊ लागली. ती कामावर होती तेव्हा जी माणसं तिच्या शिस्तीला शिव्या देत, ती आता दारातच त्याला गाठत. वहिनी कशा आहेत? ताप आहे का? तो म्हणाला, आज जरा बरं वाटतंय, की समोरचा चेहरा उतरे. तो म्हणाला, रात्रभर झोप नाही, फार त्रास झाला, की लोक हळहळत आणि त्यांचं काम हलकं होई. मशीनवाला एकदा चुकून “वा” म्हणाला. मग बराच वेळ खोकत राहिला, म्हणजे ते खोकल्यातच मोजलं जावं.

घरी पहिल्या दिवशी तिने चादर बदला म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं. मग त्याने तिला सगळं सांगितलं. योजना, तपासनीस, वरची चादर, खालच्या चादरी, इंजेक्शन. हे सगळं सांगताना तो पलंगाकडे न बघता खिडकीकडे बघत होता. तिने ऐकून घेतलं.

“म्हणजे मी कामाला लागले परत,” ती म्हणाली.

“तसंच समज.”

“इस्त्रीवर दिवसभर उभं राहावं लागायचं. हे बरं आहे.”

यावर त्याला हसू आलं आणि तिलाही आलं. तिचं थांबलं ते कळ आल्यामुळे.

एका संध्याकाळी त्याला राहवलं नाही. त्याने ट्रंकेतली घरची चादर काढली, मऊ झालेली, आणि हॉटेलच्या चादरीवर अंथरली. तिला वर घेतलं. ती दोन्ही तळवे चादरीवर फिरवत राहिली. तेवढी एक झोप तिला लागली.

नेमके दुसऱ्या दिवशी मालक घरी आले. बिस्किटांचा पुडा आणला होता. पलंगाशेजारी खुर्ची ओढून त्यांनी तिची विचारपूस केली, वडील तिच्या कामाची किती तारीफ करायचे ते सांगितलं, आणि बोलता बोलता, एखादं पान उलटावं तसं, घरच्या चादरीचं टोक उचललं.

“हे काय?” ते डागदराला म्हणाले. आवाज चढवला नाही. “इथे सगळे तुझ्या भरवशावर बसलेत.”

घरची चादर निघाली. मालक उठून पलंगाच्या पायथ्याशी गेले आणि मान तिरकी करून खालची चादर बघत राहिले. त्यांनी आयुष्यात एखाद्या कापडाकडे इतकं लक्षपूर्वक पाहिलं नव्हतं.

“ही बाजू कोरीच राहिली आहे,” ते म्हणाले. “वहिनी, थोडं इकडे सरकता येईल का?”

तिला सरकता येत नव्हतं. डागदराने तिच्या पाठीखाली हात घातले आणि तिला कोऱ्या बाजूवर ठेवलं. उचलताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. ते तसे हळवे होते.

श्वास जागेवर आल्यावर ती मालकांकडे बघत म्हणाली, “कॉलर कुणी केली तुमची?”

“का?”

“दाबलेली नाही. आतली बाजू आधी घ्यायची असते.”

मालक कॉलरवर हात ठेवून गेले. बिस्किटं मात्र ठेवली, हे सांगायला हवं.

शेवटच्या फेरीच्या सकाळी डागदर घाईत होता. इंजेक्शनवाली बाई उशिरा आली, तिने जखम पाहून तोंड वाकडं केलं, आत गेलीये म्हणाली, आणि पैसे घेऊन गेली. त्याने बायकोला एका कुशीवर टेकवून चादर काढली. ती चादर आता आपल्या आपण उभी राहील इतकी कडक झाली होती, खळ घातल्यासारखी. हॉटेलची दुसरी चादर त्याने एका बाजूने सरकवली, बायकोला दुसऱ्या कुशीवर घेतलं, दुसरी बाजू ओढली, आणि पळाला.

ढिगाच्या वर मालकांनी ती चादर स्वतःच्या हाताने मांडली. डाग पुढे येतील अशी, थोडी सहज वाटेल अशी. मग साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले.

तपासनीस आला, पाय पुसले. ढिगासमोर उभा राहिला. वरची चादर त्याने दोन्ही हातांनी उलगडली आणि खोलीतली सगळी माणसं एक पाऊल मागे सरली, डागदर सोडून. खालच्या चादरी त्याने उघडल्या नाहीत.

“लाँड्री चालू आहे,” तो म्हणाला.

काही क्षण कुणाला कळलंच नाही की झालं. मग नणंद भावजयीच्या गळ्यात पडली. हा प्रकार घरी कुणाला सांगून पटला नसता. मशीनवाल्याने बटण दाबलं आणि मशीन रिकामंच फिरू लागलं, कारण आत घालायला काही नव्हतं. मालकांनी भाषण केलं, या वेळी जमिनीवरूनच. पूर्ण वर्षाचा आधार मंजूर झाला होता. कुणाची नोकरी जाणार नव्हती. हा विजय कष्टाचा आहे, ते म्हणाले, निष्ठेचा आहे, आपल्या सगळ्यांचा आहे. बरंचसं खरं होतं.

तपासनिसाने बॅगेतून प्लॅस्टिकची जाड पारदर्शक पिशवी काढली, चादर तिच्यात घातली आणि तोंड लाखेने बंद केलं. ही मुख्य कचेरीत जाईल, तो म्हणाला, काचेच्या कपाटात. अस्सल मळकं कापड कसं असतं ते बाकीच्या लाँड्रीवाल्यांना दाखवता येईल. फार फसवणूक चालते हो.

डागदर पुढे आला. मालकांना वाटलं आभार मानणार.

“साहेब, मी धुऊन देतो. मग न्या,” तो म्हणाला. “सगळे डाग जातील. जरा वेळ लागेल, पण जातील.”

तपासनिसाला वाईट वाटलं. ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

“धुतल्यावर काय दाखवू मी?” तो म्हणाला.

आणि मग, मालकांचा हात हातात घेऊन, त्याने शेवटची आनंदाची बातमी दिली. या लाँड्रीची नोंद ‘आदर्श घटक’ म्हणून होणार होती. आदर्श घटकाची तपासणी दर आठवड्याला होते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता एकेकाने डागदराकडे पाहिलं, आणि टाळ्या थांबल्या नाहीत, फक्त जरा मऊ झाल्या. निघताना भावजयीने त्याच्या हातात डबा दिला, वहिनींना द्या म्हणाली, ताकद राहायला हवी. मालकांनी त्याला लवकर घरी जाऊ दिलं.

तो घरी आला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळी जशी ठेवली होती तशीच. कपाळ तापलं होतं. त्याने पाणी पाजलं, अर्धं ओघळलं, ते टिपून घेतलं. मग खुर्चीवर बसून तिला सगळं सांगितलं. तपासनीस काय म्हणाला, मालक काय म्हणाले, नणंद-भावजय कशा गळ्यात पडल्या. वर्षभराचा पगार पक्का झाला. मशीनवाल्याच्या घरचं, झाडूवाल्याच्या घरचं, सगळ्यांचं भागलं. इंजेक्शन चुकणार नाही. तुझं नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. आदर्श म्हणाले आपल्याला. तो हे सांगत होता आणि तिचा श्वास ऐकत होता, आणि श्वासांच्या मध्ये जिथे फट पडे तिथे तोही थांबत होता.

“मग ही किती दिवस?” तिने विचारलं. अंगाखालच्या चादरीविषयी.

“पुढच्या तपासणीपर्यंत.”

“आणि मग?”

“मग दुसरी.”

तिने डोळे मिटले. तिला झोप लागली असं समजून तो डबा आत ठेवायला उठला.

“अहो,” ती म्हणाली.

तो वळला.

“सकाळपासून अंगाखाली एक सुरकुती राहिली आहे. तेवढी काढता का?”